याचिका की जनसुनवाई? वस्तीतल्या मंडळांनी ठरवण्याआधी

पाणी येत नाही, दवाखान्यात औषध नाही, म्हणून मंडळ हालचाल करणार असेल तर आधी एवढं तपासा: नियमच आडवा येतोय, की चांगला नियम पाळला जात नाही? त्यावर पुढचं सगळं ठरतं.

नियम आडवा असेल तर याचिकेला पर्याय नाही. मुंबईत 1996 च्या सरकारी परिपत्रकावर बोट ठेवून 1995 नंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारलं जायचं. तिथे शंभर अर्ज करूनही काही झालं नसतं. पाणी हक्क समिती 2012 मध्ये उच्च न्यायालयात गेली. 15 डिसेंबर 2014 ला निकाल आला: पाणी हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा असली तरी ते नाकारता येणार नाही. मात्र पाणी मिळालं म्हणून झोपडी अधिकृत होत नाही, हेही न्यायालयानं बजावलं. वस्तीला हे पहिल्याच बैठकीत सांगा, नाहीतर नंतर लोकांचा विश्वास उडतो. आणि वेळ लागतो. महापालिकेचं धोरण 2017 ला आलं, त्यातूनही फुटपाथवरची माणसं वगळली गेली; ‘सर्वांसाठी पाणी’ धोरणाला मे 2022 उजाडला.

नियम चांगला आहे पण पाळत नाहीत, तिथे माझा कौल जनसुनवाईला, म्हणजे लोकांनी अधिकाऱ्यांना समोर बसवून जाहीर जाब विचारण्याला. महाराष्ट्रात 2007 पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातली समिती सेवांना हिरवा, पिवळा, लाल असा रंग देते आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडते. ‘बाहेरून औषध आणा’ म्हणून दिलेली चिठ्ठी तारखेसह पुढे ठेवली की उत्तर द्यावंच लागतं. खर्च कमी, निकाल लवकर. पण त्यावर न्यायालयाचा शिक्का नसतो, अधिकारी बदलला की घडी विस्कटते. शिवाय तक्रार करणाऱ्या बाईला उद्या त्याच नर्सकडे जायचं असतं. तिला एकटीला उभं करू नका.

पाहणी दोन्हीकडे लागतेच, आणि ती वस्तीनंच करावी: किती हंडे, कितीला विकत, किती वाजता, कोणाकडून. सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. पाहणीच्या प्रत्येक फॉर्मवर तारीख आणि सही घ्या. जनसुनवाईनं भागलं नाही, तर हेच कागद वकिलाला याचिकेसोबत जोडता येतात.