बिऱ्हाड पाठीवर, विमान हाती : आयर्न मेडनचा २००८ चा दौरा

रॉक बँडच्या परदेश दौऱ्याविषयी लिहायचे तर गाण्यांपासून सुरुवात करावी, असा प्रघात आहे. आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या 'समव्हेअर बॅक इन टाइम' या दौऱ्याबद्दल मात्र आधी विमानाविषयीच लिहावे लागते. १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत सुरू होऊन १६ मार्चला टोरांटोत संपलेल्या पहिल्या टप्प्यात या बँडने ४५ दिवसांत २३ कार्यक्रम केले. वाटेत ऑस्ट्रेलिया, जपान आणि मेक्सिकोपासून चिलीपर्यंतचा लॅटिन अमेरिकेचा मोठा पट्टा होता. कलाकार एका विमानाने आणि सामान दुसऱ्या मालवाहू विमानाने, या नेहमीच्या पद्धतीने हे अंतर इतक्या वेळात आणि परवडेल अशा खर्चात कापणे शक्य नव्हते. म्हणून बोइंग ७५७ च्या मागच्या भागातील आसने काढून तेथे वाद्ये, ध्वनियंत्रणा आणि रंगमंचाचे सामान भरण्यात आले, पुढच्या भागात बँड आणि कामगार बसले. वैमानिकाच्या खुर्चीत होता स्वतः गायक ब्रूस डिकिन्सन, जो तेव्हा एका विमान कंपनीत रीतसर नोकरी करत होता. आपल्याकडच्या नाटक कंपनीची बस प्रमुख नटानेच रात्रभर चालवावी आणि सकाळी तोंडाला रंग लावून उभे राहावे, तसाच हा प्रकार.

नाटक कंपनीची आठवण केवळ प्रवासामुळे होत नाही. दौऱ्याची सजावट १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह' या अल्बमच्या इजिप्शियन मुखपृष्ठावर बेतलेली होती आणि गाण्यागणिक मागचा रंगवलेला पडदा बदलत असे. भव्य एलईडी पडद्यांच्या काळात ही जुनी रीत मला अधिक परिणामकारक वाटते, कारण चलच्चित्र नजर वादकांवरून हटवते, तर रंगवलेला पडदा तिला पुन्हा त्यांच्याकडेच आणून सोडतो. 'द ट्रूपर' गाताना डिकिन्सन लाल डगला घालून ब्रिटिश झेंडा फडकावतो. भारतीय प्रेक्षकाला हे दृश्य क्षणभर खटकणे स्वाभाविक आहे. पण ते गाणे क्रिमियन युद्धात मरणाऱ्या शिपायाच्या तोंडचे आहे, आणि त्यात विजयाचा लवलेशही नाही.

दौऱ्याचा खरा मानबिंदू म्हणजे 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'. इंग्रज कवी कोलरिजच्या दीर्घकवितेवर आधारलेले हे तेरा मिनिटांहून मोठे गाणे मध्यावर जवळजवळ थांबते. ताल विरतो, जहाजाच्या लाकडांची करकर ऐकू येते आणि शब्द गाण्याऐवजी नुसते उच्चारले जातात. त्यानंतर स्टीव्ह हॅरिसचे बास गिटार, जे तो पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पत्तीने, न वाजवता बोटांनी वाजवतो, पुन्हा घोड्याच्या टापांसारखे दौडू लागते. मैदानी कार्यक्रमात इतका वेळ शांतता धरून ठेवण्यास धाडस लागते. मूळ ध्वनिमुद्रणात दोन गिटार होती, येथे तीन आहेत. त्यामुळे नाद भरदार झाला असला तरी 'पॉवरस्लेव्ह'सारख्या गाण्यातील जुनी धार थोडी बोथट झाली, हे मान्य करावे लागेल. गिटारवादक यानिक गर्सच्या रंगमंचावरील कसरतीही मला नेहमीच अनावश्यक वाटत आल्या आहेत.

गाण्यांच्या निवडीबद्दल एक आक्षेप घेतला जातो: जवळजवळ संपूर्ण कार्यक्रम ऐंशीच्या दशकातील, मग ही निव्वळ स्मरणरंजनाची विक्री नव्हे काय? १९९२ चे 'फिअर ऑफ द डार्क' हाच काय तो अपवाद, आणि त्यातील गिटारची धूनच श्रोते शब्दांसारखी गातात म्हणून ते ठेवलेले. लंडनच्या श्रोत्याने हा आक्षेप घेतला तर तो समजू शकतो. भारतात मात्र हा बँड पहिल्यांदा वाजला तो मार्च २००७ मध्ये, बंगळूरला. ज्यांनी ही गाणी कॅसेटवर, तीही बहुधा मित्राकडून उतरवून घेतलेल्या, ऐकली, त्यांच्यासाठी यात 'पुन्हा' असे काही नव्हतेच. तेवीस-चोवीस वर्षे थकलेले देणे मुंबईत चुकते होत होते. मूळ 'पॉवरस्लेव्ह' दौराही १९८४ मध्ये लंडन किंवा न्यूयॉर्कऐवजी कम्युनिस्ट राजवटीतील पोलंडमध्ये सुरू झाला होता. त्यामुळे या दौऱ्याचा नारळ मुंबईत फुटला, यात मला या बँडची जुनीच खोड दिसते.

ज्यांना तो कार्यक्रम हुकला, त्यांनी २००९ चा 'फ्लाइट ६६६' हा माहितीपट पाहावा. त्यातील 'एसेस हाय' हे सुरुवातीचे गाणे मुंबईतच चित्रित झाले आहे.