मिथेन घटवणारी टॅनिनयुक्त भुकटी: सात महिन्यांच्या वापरानंतर

मंगळवेढा तालुक्यातील आमच्या गोठ्यात आठ संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी आहेत. वेत आणि विण्याची तारीख पाहून मी त्यांच्या जोड्या लावल्या आणि डिसेंबर ते जून प्रत्येक जोडीतील एकीला ही टॅनिनयुक्त (टॅनिन म्हणजे वनस्पतींतील तुरट द्रव्य) भुकटी दिली. कडबा कुट्टी, उसाचे वाढे, मुरघास आणि सरकी पेंड सर्वांना सारखीच होती.

गायीच्या पोटात वैरण आंबताना हायड्रोजन तयार होतो, तेथील सूक्ष्मजीव त्याचा मिथेन हा हवामान तापवणारा वायू करतात आणि तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. खाद्यातील २ ते १२ टक्के ऊर्जा अशी वाया जाते, म्हणून हा विषय हवामानाइतकाच आमच्या खर्चाचाही आहे. बंगळूरुच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासूनच ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केले असून त्याने मिथेन १७ ते २० टक्क्यांनी घटतो, असे जाहीर केले आहे. माझी भुकटी दुसऱ्या उत्पादकाची आहे, आणि गोठ्यात मिथेन मोजण्याचे साधन नसल्याने मी केवळ दूध, फॅट आणि खाणे यांविषयीच लिहीत आहे.

तुरट चवीमुळे पहिले आठ-दहा दिवस दोन गायींनी गव्हाणीत पेंड तशीच ठेवली. भिजवलेल्या सरकीत थोडा गूळ घालून मात्रा हळूहळू वाढवल्यावर त्या खाऊ लागल्या. मात्रा वाढवण्याची घाई कोणी करू नये, कारण माफक टॅनिन खाद्यातील प्रथिनांना पोटात लवकर कुजण्यापासून वाचवते, पण जास्त झाले तर पचनच मंदावते.

विक्रेत्याने दोन लिटर वाढीची खात्री दिली होती. माझ्या वहीत जोडीतील फरक सरासरी अर्धा लिटर निघाला आणि फॅट बदलले नाही. रोजचा खर्च गायीमागे १५ रुपये असल्याने तो जेमतेम निघाला. जूनमध्ये हिरवा चारा आल्यावर आठही गायींचे दूध वाढले; त्याचे श्रेय भुकटीला देता येणार नाही. उलट एप्रिल-मेच्या उन्हात भुकटी खाणाऱ्या गायींचे दूधही इतरांइतकेच घटले, आणि तेव्हा उपयोगी पडले ते सावलीचे छत, दिवसभर पाणी व पहाटेची वैरण.

वाढ्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे आमच्या भागात आधी खनिज मिश्रणावर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. यापुढे भुकटी फक्त विल्यानंतरच्या पहिल्या शंभर दिवसांतील गायींना देणार आहे.