जर्मन पिल्सचा कडवटपणा: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जर्मन पिल्सनरला (थोडक्यात पिल्स) 'कडू आहे' एवढ्याच कारणावरून दोन तारे दिलेले अभिप्राय जागोजागी दिसतात. ते वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण ही बिअर मुळात कडवटपणासाठीच बनवतात. गेले बरेच महिने माझी नेहमीची बिअर जर्मन पिल्स आहे. एका बैठकीला एखादा ग्लास, दर वेळी शक्यतो वेगळा ब्रँड, आणि सोबत कोणी असेल तर दोन बिअर शेजारीशेजारी ओतून थोडी थोडी चव घ्यायची. इथे लिहिते आहे ते एका ब्रँडपेक्षा या प्रकाराबद्दल जास्त आहे.

घेतलेल्यांपैकी मुख्य नावं सांगते. उत्तरेकडच्या फ्रीजलंड भागातली येफर (4.9 टक्के अल्कोहोल), आयफेलमधली बिटबुर्गर आणि झाउअरलंडच्या बाजूची क्रोम्बाखर (दोन्ही 4.8), ब्लॅक फॉरेस्टमधल्या रोटहाउसची टानेनत्सेप्फले (5.1). तुलनेसाठी चेक प्रजासत्ताकातली पिल्सनर उर्केल (4.4) आणि म्युनिकच्या आउगुस्टिनरची हेल्लेस, म्हणजे तिकडची सौम्य फिकट बिअर (5.2).

या सगळ्या फिकट सोनेरी, सगळ्या लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेल्या बिअर. ग्लासात ओतल्यावर लांबून फरक सांगणं कठीण. तोंडात मात्र त्यांचं काहीच जुळत नाही.

आधी आकड्यांबद्दल, कारण सगळ्यांचं लक्ष तिकडेच असतं. कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात. एक आयबीयू म्हणजे साधारण एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल, हॉप्स या वेलीच्या फुलांपासून मिळणारं कडू द्रव्य. बिअरचे परीक्षक प्रमाणित करणाऱ्या बीजेसीपी या अमेरिकन संस्थेच्या शैलीपत्रकात जर्मन पिल्ससाठी 22 ते 40, म्युनिक हेल्लेससाठी 16 ते 22 आणि चेक प्रीमियम फिकट लागरसाठी 30 ते 45 अशी चौकट आहे. आकडे पाहून कोणीही म्हणेल की चेक बिअर सर्वांत कडू लागणार. प्रत्यक्षात उर्केल आणि येफर शेजारी ठेवून प्यायलं की बहुतेक जण येफरलाच जास्त कडू ठरवतात. माझ्यासोबत चव घेणाऱ्या प्रत्येकाने तेच सांगितलं.

याचं कारण बिअरमध्ये मागे उरलेल्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या अंशात आहे. जर्मन पिल्समध्ये यीस्टला साखर जवळजवळ संपवू देतात. आंबवणं झाल्यावरची घनता (पाण्याची 1.000 धरून) 1.008 ते 1.013 इतकी खाली येते. चेक प्रकारात ती 1.013 ते 1.017 राहते. म्हणजे उर्केलमध्ये कडवटपणाच्या खाली माल्टची एक मऊ बैठक असते, पावाच्या कडेची चव, किंचित लोण्याचा भासही. माल्टचा काही भाग वेगळा काढून उकळायचा आणि परत मिसळायचा, ही तिथली जुनी पद्धतही त्या भरीवपणाला हातभार लावते. जर्मन पिल्समध्ये ही बैठक पातळ असते. कडवटपणाला आडोसा नसतो, म्हणून तोच आकडा तिथे धारदार होऊन समोर येतो. डब्यावरचा आयबीयू वाचून बिअर निवडणं मी तेव्हापासून सोडलं.

मग पाहायचं काय? माझं उत्तर एकच आहे: घोट गिळल्यानंतर कडवटपणा कसा संपतो ते. चांगल्या जर्मन पिल्समध्ये तो जिभेच्या मागच्या बाजूला ठामपणे उमटतो, थोडा वेळ थांबतो आणि स्वच्छ निघून जातो. तोंड कोरडं होतं, पुढचा घोट घ्यावासा वाटतो. वाईट पिल्समध्ये तो जिभेला चिकटून बसतो, हिरड्या आखडतात, जास्त उकळलेल्या चहासारखी तुरट ओढ लागते. पहिला कडवटपणा हा गुण आहे, दुसरा दोष. 'फार कडू' हा शेरा दोघांनाही लागू होतो, म्हणून त्यावरून काहीच कळत नाही. अभिप्राय लिहिणाऱ्यांनी 'किती कडू' याऐवजी 'कसा कडू' एवढं लिहिलं तरी वाचणाऱ्याचा खूप फायदा होईल.

हा स्वच्छपणा येतो कुठून, हे समजून घ्यायला मला सर्वांत जास्त मजा आली. हॉप्सच्या फुलातली अल्फा आम्लं जशीच्या तशी पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि कडूही लागत नाहीत. तासभर किंवा त्याहून जास्त उकळल्यावर त्यांची रचना बदलते, आयसो-अल्फा आम्लं तयार होतात आणि कडवटपणा द्रवात उतरतो. तेवढ्या वेळात सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडवटपणासाठी हॉप्स सुरुवातीला टाकतात आणि वासासाठी शेवटी.

कोणते हॉप्स टाकले याचाही मोठा वाटा आहे. म्युनिकच्या उत्तरेला हालरटाउ हा हॉप्सच्या शेतीचा प्रचंड पट्टा आहे. तिथलं मिटलफ्र्यू हे जुनं, नाजूक वाण. त्यात अल्फा आम्ल साधारण 3 ते 5.5 टक्के. बोडेनझे सरोवराजवळचं टेटनांग, न्यूर्नबर्गच्या दक्षिणेचं श्पाल्ट आणि चेक बाजूचं झाटेट्स, ज्याला जर्मनमध्ये झात्स म्हणतात, ही त्याच घराण्यातली मानली जाणारी वाणं. उलट माग्नुमसारख्या नव्या वाणात अल्फा 11 टक्क्यांच्या वरच असतं. तेवढाच कडवटपणा मिळवायला मिटलफ्र्यू माग्नुमच्या तिप्पट-चौपट टाकावं लागतं. त्याबरोबर वनस्पतीचा बाकीचा भाग, त्यातली पॉलिफेनॉल्स ही तुरट द्रव्यं, हेही बिअरमध्ये येतं. त्यामुळे बिअरच्या अंगाला एक बारीक पोत येतो. हात चुकला तर तुरटपणाही येतो. माग्नुमचा कडवटपणा सरळ, नीटस असतो, पण वासाच्या बाबतीत तो मागे राहतो. म्हणून पुष्कळ ब्रुअर कडवटपणासाठी एक आणि वासासाठी दुसरं वाण वापरतात. टानेनत्सेप्फलेमध्ये मला फुलांचा, किंचित गवताचा आणि मिऱ्याच्या जवळ जाणारा जो वास येतो, तो हालरटाउ आणि टेटनांगच्या हॉप्सचा. लिंबूवर्गी किंवा आंब्यासारखा वास शोधणाऱ्याला तो फिका वाटेल. आयपीए या भरपूर हॉप्सच्या, सुगंधी बिअरवरून पिल्सकडे येणाऱ्यांची निराशा बहुतेक याच ठिकाणी होते. वास हवा असेल तर इटलीतल्या बिरिफिचो इतालियानोची 1996 पासूनची टिपोपिल्स ही वाट आहे. त्यात आंबवण झाल्यावर कोरडे हॉप्स घालतात, सुगंध भरपूर येतो आणि शेवट तरीही पिल्सचाच कोरडा राहतो.

पाण्याबद्दल थोडक्यात. सल्फेट जास्त असेल तर कडवटपणा कोरडा आणि टोकदार होतो, क्लोराइड जास्त असेल तर बिअर गोल, म्हणजे मऊ आणि भरीव लागते. पिल्सनरला नाव देणाऱ्या प्लझेन या चेक शहराचं पाणी अतिशय मऊ आहे. योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने 1842 मध्ये तिथे पहिली पिल्सनर केली, तेव्हा झाटेट्सचे भरपूर हॉप्स त्या पाण्याने सांभाळून घेतले. म्युनिकचं पाणी कार्बोनेटने जड. त्यात एवढे हॉप्स टाकले तर कडवटपणा खडबडीत होतो. म्हणून तिथे गडद लागर वाढली, आणि श्पाटेनने 1894 मध्ये फिकट हेल्लेस काढली तीही हॉप्स बेतानेच ठेवून. आउगुस्टिनर पिताना हे नीट कळतं. ती पिल्सची सौम्य आवृत्ती मुळीच नाही, तिचं लक्षच माल्टवर आहे. हेल्लेसला 'कडवटपणा कमी आहे' म्हणून गुण कापणं आणि पिल्सला 'जास्त आहे' म्हणून कापणं, दोन्ही मला सारखंच अन्यायाचं वाटतं.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती स्पष्ट लिहायला हवी. मोठ्या खपाच्या जर्मन पिल्स सौम्य होत चालल्या आहेत. बीजेसीपीच्या 2008 च्या पत्रकात जर्मन पिल्सची चौकट 25 ते 45 होती. 2015 मध्ये ती 22 ते 40 वर आली. पत्रक बाजारात जे मिळतं त्याच्या मागोमाग चालतं, म्हणजे बाजारच खाली सरकला. मोठ्या ब्रँडांच्या काही पिल्स आता इतक्या गुळगुळीत आहेत की डोळे मिटून दिल्या तर हॉप्स थोडे जास्त असलेली हेल्लेस समजून कोणीही पिऊन टाकेल. जर्मनीबाहेर तर पिल्सनर हा शब्द कुठल्याही फिकट लागरवर छापलेला दिसतो. तांदूळ किंवा मका घातलेली, कडवटपणा जेमतेम जाणवणारी बिअरही त्या नावाने विकली जाते. बिअर म्हणून ती वाईट असेलच असं नाही, पण तीवरून पिल्सची कल्पना करून घेतलेल्या माणसाला पहिली येफर धक्का देणार. येफर स्वतः आपल्या कडवटपणाचीच जाहिरात करते, आणि मला तो मोकळेपणा आवडतो.

आता बाटलीबद्दल. या सगळ्या काळात मला मिळालेल्या वाईट पिल्सपैकी बहुतेकांचा दोष बनवण्यात नव्हताच, तो साठवणुकीत होता. एका दुकानातून आणलेली हिरवी बाटली उघडताच कुबट, गंधकासारखा भपकारा आला. याला प्रकाश कारणीभूत. उजेडात बिअरमधलं रायबोफ्लेविन (बी-2 जीवनसत्त्व) हॉप्सच्या आयसो-अल्फा आम्लांना तोडतं, त्या तुकड्याला गंधक जोडलं जातं आणि थायॉल नावाचं गंधकयुक्त संयुग तयार होतं. त्याचा वास लिटरमागे काही नॅनोग्रॅमलाही येतो. जितके हॉप्स जास्त तितका हा धोका जास्त, म्हणून पिल्सला तो सौम्य लागरपेक्षा अधिक छळतो. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी फारशी नाही, डबा पूर्ण वाचवतो. दुकानात दिव्याखाली उभी असलेली हिरवी बाटली मी उचलत नाही.

दुसरा शत्रू वय. जुनी झालेली पिल्स आधी वास गमावते. मग कडवटपणा कमी होतो आणि उरतो तोही भोंगळ होतो, धार जाऊन नुसता रेंगाळणारा. सोबत पुठ्ठ्यासारखी चव येते. बऱ्याच जर्मन बाटल्यांवर भरल्याची तारीख नसते, मुदत संपण्याची असते. मुदत जितकी लांबची तितकी बाटली ताजी, एवढं धरून निवडायचं. ज्या ब्रँडबद्दल तुमचं मत वाईट झालं असेल, त्याची एक ताजी, थंड जागी ठेवलेली बाटली मिळवून पुन्हा प्या. माझं मत अशा रीतीने एकापेक्षा जास्त ब्रँडांबद्दल पालटलं आहे.

पिण्याच्या तापमानाने इतका फरक पडेल असं वाटत नाही, पण पडतो. फ्रीजच्या तळातून काढलेल्या, गोठायला टेकलेल्या पिल्सचा वास बंद असतो आणि कडवटपणा एकटाच टोचतो. 6 ते 8 अंशांवर माल्ट आणि फुलांचा वास दोन्ही वर येतात आणि त्याच कडवटपणाला जागा मिळते. अरुंद, उंच ग्लासात सुरुवातीला जोरात ओता, फेस होऊ द्या, तो बसला की उरलेली भरा. जादा वायू निघून गेल्याने बिअर कमी टोचते. फेस टिकवण्यातही आयसो-अल्फा आम्लांचा हात असतो. चांगल्या पिल्सचा फेस घट्ट असतो आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर त्याचं कडं राहतं. सात मिनिटं लावून ओतण्याची जी दंतकथा आहे ती पाळू नका. तेवढ्या वेळात बिअर गरम आणि सपाट होते.

कोणासाठी काय, तर एवढंच. कडवटपणा अजिबात नको असेल तर हेल्लेस घ्या आणि निर्धास्त आनंद घ्या. हॉप्स आवडतात पण कोरडेपणा आवडत नाही, त्यांच्यासाठी उर्केल. पिल्सची सुरुवात करायला मी टानेनत्सेप्फले सुचवते, कारण तिच्यात वास, माल्ट आणि कडवटपणा तिघांनाही समान वाव आहे. क्रोम्बाखर आणि बिटबुर्गर सहज मिळतात, भरवशाच्या आहेत, त्यातही बिटबुर्गरचा शेवट मला जास्त कोरडा आणि म्हणून जास्त आवडतो. येफर शेवटी, आणि जेवणासोबत. तळलेल्या किंवा खारट पदार्थाबरोबर तिचा कडवटपणा तोंड धुऊन टाकतो. नुसती प्यायली तर पहिला अर्धा ग्लास तिला सवय होण्यात जातो. पुढच्या काही आठवड्यांत मी न गाळलेल्या केलरपिल्स घेऊन पाहणार आहे. त्यात यीस्ट आणि प्रथिनं राहिल्याने हाच कडवटपणा अंगाने जाड लागतो असं पहिल्या दोन बाटल्यांवरून दिसतंय, पण त्याबद्दल मत द्यायला मला अजून बाटल्या हव्यात.