स्केटिंगचं सामान: काय घरी शिवायचं, काय दुकानातूनच आणायचं

माझी मुलगी सहा वर्षांची असताना फिगर स्केटिंगसाठी, म्हणजे बर्फावरच्या उड्या-गिरक्यांच्या स्केटिंगसाठी, पहिल्यांदा बर्फावर उभी राहिली. आता ती तेराची आहे. आम्ही टोरांटोजवळ राहतो. दरवर्षी सप्टेंबरात वर्ग सुरू झाले की ओळखीच्या मराठी घरांतून एखादा तरी फोन येतो: "बूट घेतले गं, पण बाकीची यादी केवढी लांब आहे! यातलं घरी काय काय करता येईल?" फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवातीलाच माझं मत सांगते. पैसे वाचवायचे म्हणून शिवायला बसाल तर बहुतेक वेळा हिशेब जमत नाही. ताणणारं कापड, इलॅस्टिक, खास सुया यांच्यातच तयार वस्तूइतका खर्च होतो. घरच्या वस्तूचा खरा फायदा असतो मापाचा. दुकानातला माल ठरावीक साइझमध्ये येतो. आपल्या लेकीचा घोटा कुठे टोचतो, ती कुठल्या कुशीवर पडते, तिचं धड पायांच्या मानाने किती लांब आहे, हे फक्त आपल्याला ठाऊक असतं. जिथे या माहितीचा उपयोग आहे तिथे घरची वस्तू बाजी मारते. बाकी ठिकाणी मी मुकाट्याने दुकानात जाते.

सोकर आणि गार्ड

या दोन्हींत नव्या पालकांचा हमखास गोंधळ होतो. गार्ड म्हणजे कडक प्लास्टिकची खोळ. ती घालून बर्फाबाहेर चालायचं. सोकर म्हणजे कापडाची मऊ खोळ. ब्लेड पुसून झालं की ती चढवायची आणि बूट पिशवीत ठेवायचे. गार्ड घालूनच बूट पिशवीत टाकले तर आत पाणी कोंडतं आणि धारेला गंज चढतो. फिगर स्केटिंगच्या बहुतेक ब्लेडवर क्रोमचा मुलामा असतो, पण धार लावतो तो खालचा पट्टा उघड्या पोलादाचा असतो, आणि गंज तिथेच सुरू होतो.

सोकर घरीच शिवा. पहिला प्रयोग यावरच करावा. दुकानातले सोकर बाहेरून लोकरीसारखे लुसलुशीत, कुणाला ससा तर कुणाला अस्वल, आणि मुलांना तेच हवे असतात. पण मी घेतलेल्या दोन जोड्यांत आतलं टॉवेलचं अस्तर इतकं पातळ होतं की पाणी टिपण्याऐवजी नुसतं पसरायचं. पुढे सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या, तेव्हा त्यांनी जुना टर्किश टॉवेल आणि आपल्या जुन्या सुती साडीचा तुकडा एकावर एक ठेवून गोधडीसारखा धावदोरा घातला. त्या सोकरनी चार हिवाळे काढले. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती कापड जसं पाणी पितं, तसं नवं कापड पीत नाही.

कृती सोपी आहे. ब्लेड कागदावर आडवं ठेवून पेन्सिलीने कडेने रेघ मारा, बाहेर २ सेंटीमीटर जागा सोडा, असे दोन तुकडे कापा. तोंडाला इलॅस्टिक, तळाला जुन्या जीन्सची पट्टी. पुढच्या टोकाला, जिथे टो-पिकचे दात येतात, तिथे टॉवेलचे फासे अडकून निघतात. तेवढ्या जागेत आतून साधं घट्ट विणीचं कापड लावा. आणि कितीही चांगले सोकर असले तरी घरी आल्यावर ते काढून ब्लेड उघडं वाळू द्या. ओल्या सोकरमध्ये रात्रभर राहिलेलं ब्लेडही गंजतंच.

गार्डच्या बाबतीत मात्र उलट. बागेचा पाइप उभा चिरून ब्लेडला चढवलेला मी पाहिला आहे. एका वडिलांनी नळाला गुंडाळायच्या फोमच्या नळ्या वापरल्या होत्या. दोन्ही चालताना सरकतात, आणि रिंकच्या पायरीवर सरकलेली खोळ म्हणजे मनगट मोडायला निमित्त. विकतचे गार्ड २०-२५ डॉलरमध्ये येतात, ब्लेडच्या लांबीला कापता येतात, पाय वाढला तरी बऱ्याचदा पुढच्या बुटांना चालतात. विकत घ्या, आणि मधूनमधून आतून धुवा. तळाशी साठलेली वाळू धारेचं वाटोळं करते.

बुटाच्या आत

फिगर स्केटिंगचा बूट कडक असतो, कारण उडीवरून उतरताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो आणि घोट्याला आधार लागतो. तो कडकपणा मग घोट्याच्या हाडावर, टाचेच्या मागे आणि पायाच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी आवळली जाते तिथे, टोचतो.

दुकानात यासाठी सिलिकॉन जेलचे पट्टे मिळतात, मोज्यासारखे घोट्यावर चढवायचे. घासण्यापासून ते छान वाचवतात, धुता येतात, पहिल्या दिवशी मुलीला हायसं वाटतं. पण जेल सगळीकडे सारख्याच जाडीचं. जिथे आधीच दाब आहे तिथेही ते जाडी वाढवतं. बूट मुळात तिथे घट्ट असेल तर दुखणं आठवडाभरात परत येतं.

इथे घरगुती उपाय मला सरस वाटतो. जाड फेल्टचा वाटोळा तुकडा कापा, मध्ये घोट्याच्या हाडाएवढं भोक ठेवा, मेदूवड्यासारखं. हाड भोकात बसतं, दाब आजूबाजूच्या मऊ भागावर जातो. घोटा कुणाचा वर, कुणाचा खाली, म्हणून भोक आपल्या मुलीच्या हाडावरच कापायचं. पुढच्या बाजूला नाडी टोचत असेल तर बुटाच्या जिभेखाली फोमची पातळ पट्टी. ती भर शिरेवर ठेवू नका, शिरेच्या दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या ठेवा.

याहून महत्त्वाची युक्ती वेगळीच आहे. दुखऱ्या जागेवर लिपस्टिकचा ठिपका द्यायचा, अनवाणी पाय बुटात घालायचा, नाडी बांधून उभं राहायचं. ठिपका आत अस्तरावर उमटतो. आम्ही देवघरातलं ओलं कुंकू वापरलं. त्या खुणेसकट बूट दुकानात नेला की कारागीर नेमका तेवढाच भाग यंत्राने आतून फुगवून देतो. फेल्ट, जेल, काहीच लागत नाही. म्हणून माझा क्रम असा: आधी खूण आणि फुगवणं, ते पुरलं नाही तर फेल्ट, आणि नुसती कातडी सोलवटत असेल तर जेल. मापाचाच बूट चुकला असेल तर यातलं काहीही घालू नका, बूट बदला.

पडण्यासाठीची चड्डी

मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवला, आणि सगळ्यात जास्त समाधानही इथेच मिळालं.

हवेत एकच फेरी घ्यायच्या एकेरी उड्यांवरून मुली अ‍ॅक्सल (दीड फेरीची उडी) आणि दुहेरी उड्यांकडे जातात तेव्हा दिवसाला वीस-तीस वेळा पडणं साधी गोष्ट असते. खुब्यावरचे काळे-निळे डाग बघून माझा जीव तुटायचा. गाद्या बसवलेली विकतची चड्डी ७०-८० डॉलरच्या पुढे. तिच्या बाजूने बोलायचं तर फोम चांगल्या प्रतीचा असतो, कापड घट्ट बसतं, धुऊन आकार जात नाही. पण दोन्ही बाजूंना जाडी सारखीच असते. माझी मुलगी घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, उजव्या पायावर उतरते, आणि तिचे जवळजवळ सगळे डाग उजव्या खुब्यावर. डावीकडची गादी तिला नुसतीच आडवी यायची आणि उजवीकडची दोन बोटं वर बसायची.

मग साध्या सायकलिंगच्या चड्डीवर मी आतून खिसे शिवले. आधी एक सबंध आठवडा तिचे डाग बघून चड्डीवर खडूने खुणा केल्या. उजव्या खुब्याला मोठा खिसा, माकडहाडाला छोटा, डावीकडे फक्त पातळ थर. खिसे उघडे ठेवले, गादी काढून चड्डी धुता येते.

फोम कुठला, यावर सगळं अवलंबून आहे. स्वयंपाकघरातला स्पंज किंवा उशीतला फोम बिलकूल नको. तो दाबला की तळाला टेकतो. ज्या फोमची छिद्रं बंद असतात तो हवा, म्हणजे कॅम्पिंगला जमिनीवर अंथरतात ती चटई किंवा जाड योगा मॅट. तुकडा टेबलावर ठेवून अंगठ्याने जोरात दाबा. खालचं टेबल जाणवलं तर अजून एक थर. आमचा उजवीकडे १५ मिलिमीटरवर मेळ बसला. कडा कात्रीने उतरत्या केल्या, नाहीतर पॅंटमधून चौकोन दिसतात आणि तेरा वर्षांची मुलगी ती चड्डी पुन्हा घालत नाही.

तोटेही आहेत. योगा मॅटचा फोम एका हंगामात चपटा होतो, बदलावा लागतो. मोठी माणसं स्केटिंग शिकायला लागतात तेव्हा त्यांचं वजन जास्त, पडणं अवघड. त्यांनी घरच्या फोमवर विसंबू नये, विकतचीच घ्यावी. मनगटाचे संरक्षकही विकतचेच. त्यातली पट्टी कुठे वाकावी आणि कुठे नाही, हे घरी साधत नाही.

हेल्मेट

इथे घरचं की दुकानातलं ही तुलनाच नाही, दुकानातलंच. स्केट कॅनडा या इथल्या स्केटिंग संघटनेच्या कॅनस्केट या नवशिक्यांच्या वर्गांत पाचवी पायरी पूर्ण होईपर्यंत सीएसए (कॅनडाची मानक संस्था) प्रमाणित हॉकी हेल्मेट बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. सायकलचं हेल्मेट चालत नाही. हेअरबॅंडमध्ये फोम शिवून "काहीतरी तरी आहे" असं समाधान करून घेणाऱ्या आया मला भेटल्या आहेत. कृपा करून तसं करू नका. डोकं मागच्या बाजूने आपटतं तेव्हा कापडात शिवलेला फोम जागेवर राहीलच असं नाही. हेल्मेट जुनंही घेऊ नका. त्याला आधी कुठे मार बसलाय हे बाहेरून दिसत नाही.

ड्रेस

स्पर्धेचा ड्रेस मापाने शिवून घ्यायचा तर शेकड्यांत डॉलर जातात. तयार ड्रेस त्यामानाने स्वस्त, पण इथे पुन्हा धडाची लांबी आडवी येते. खांद्यावरून पुढून खाली, मांड्यांमधून मागे आणि परत त्याच खांद्यापर्यंत, असं गोल माप घ्यावं लागतं. छाती-कंबर बरोबर असून हे माप दोन इंच कमी पडलं तर हात वर केला की ड्रेस वर ओढला जातो, आणि मुलगी सबंध कार्यक्रमभर तो खाली खेचत राहते.

घरी शिवणार असाल तर चारही बाजूंनी ताणणारं लायक्रा, ताणत्या कापडाची सुई आणि झिगझॅग टाका. सरळ टाका पहिल्याच स्प्लिटला तटकन तुटतो. साध्या शिलाई मशीनवर होतं, ओव्हरलॉक नसलं तरी चालतं. जुन्या फ्रॉकवर आधी नमुना करून बघा. माझे पहिले दोन ड्रेस वाया गेले, तिसरा जमला, आणि तिन्हींचं कापड धरलं तर तो दुकानातल्यापेक्षा महागच पडला.

वर्षअखेरच्या आइस शोसाठी सासूबाईंना ड्रेसला पैठणीचा काठ लावायचा होता. रेशमी विणीला ताण नसतो आणि जरतार काखेत टोचते. शेवटी काठ फक्त स्कर्टच्या घेराच्या एका पाकळीला लावला, वरून सैल टाक्यांनी. मुलगी गिरकी घ्यायची तेव्हा जरतार दिव्यात चमकायची. असला ड्रेस कुठल्याही दुकानात मिळाला नसता.

खडे मात्र घरीच लावा. शिवून घेतलेल्या ड्रेसमध्ये मोठी रक्कम या मजुरीची असते. खडे ग्रोसवर, म्हणजे १४४ च्या हिशेबाने मिळतात. सोळा नंबरचा खडा साधारण ४ मिलिमीटरचा, लांबून तोच उठून दिसतो. ड्रेस अंगावर किंवा पुठ्ठ्यावर ताणलेला असताना चिकटवा, खिडकी उघडी ठेवा, चोवीस तास हात लावू नका. पोशाखाचा भाग बर्फावर पडला तर १ गुण कापला जातो. त्याहून वाईट म्हणजे पडलेला खडा पुढच्या मुलीच्या ब्लेडखाली येऊ शकतो. म्हणून स्पर्धेआधी एकदा तो ड्रेस घालून पूर्ण सराव झालाच पाहिजे.

पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी मात्र तिसरा रस्ता सांगेन: वापरलेला ड्रेस. मुली भराभर वाढतात, ड्रेस पाच-सहा वेळा घातलेला असतो, रिंकवर विचारलं तर हमखास मिळतो. गोल माप घेऊन जा, खांद्याचे पट्टे उसवून लांबी जुळवा, खडे आपले लावा.

उरलेलं थोडक्यात

गिरकीच्या सरावाचा स्पिनर, म्हणजे जमिनीवर पायाखाली घेऊन फिरायची छोटी पट्टी, विकतचाच. स्वयंपाकघरातली फिरती थाळी पायाखाली घेऊ नका, ती बेअरिंगवर सुसाट फिरते आणि घोटा मागे राहतो. उड्यांच्या तयारीला दोरीवरच्या उड्या पुरतात.

छोट्यांना धरून ढकलायला पाइपची चौकट घरी करता येते, आणि अंगणात पाणी ओतून गोठवलेल्या बर्फावर ती छान चालते. नेदरलँडमध्ये मुलं स्वयंपाकघरातली खुर्ची ढकलत शिकतात. पण दोन-चार दिवसांनंतर ती चौकट काढून घ्या, नाहीतर मूल पुढे वाकून उभं राहायला शिकतं. रिंकवर न्यायची असेल तर आधी विचारा.

धार घरी लावू नका. ब्लेड जेमतेम ४ मिलिमीटर रुंद, तळाला उभी पन्हळ, तिच्या दोन बाजूंना दोन धारा, आणि त्या दोन्ही एका पातळीत हव्यात. दगडावर हे होत नाही. घरी फक्त तपासा. बूट उलटा धरा, ब्लेडवर एक नाणं आडवं ठेवा, आणि ब्लेडशी ते काटकोनात आहे का बघा. एका बाजूला कललं तर बूट त्याच दिवशी कारागिराकडे परत न्या, मग धार कालच लावलेली का असेना.