ग्रेट स्लेव्ह लेकवरची बोट: घराच्या पॉलिसीत जोडावी की वेगळा विमा काढावा?

कॅनडाच्या उत्तरेला, ग्रेट स्लेव्ह तळ्याच्या काठी असलेल्या यलोनाइफ शहरात नुकत्याच आलेल्या एका मराठी मित्राने अठरा फुटी ॲल्युमिनियमची बोट घेतली आणि विम्याचं काय करू, असं विचारलं. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. आधी बोट घराच्या पॉलिसीत जोडली होती, 2024 नंतर तिची स्वतंत्र पॉलिसी काढली. कॅनडात हौशी बोटीला विम्याची सक्ती नाही, त्यामुळे इथे बिनविम्याच्या बोटी पुष्कळ दिसतात. या पाण्यात तसं फिरू नये, असं मला मनापासून वाटतं.

घराच्या पॉलिसीत जोडायचं काम एका फोनवर होतं. मला वर्षाला दोनशे डॉलरच्या आत पडायचं. चोरी, आग, दुसऱ्याचं नुकसान हे सगळं त्यात होतं. शहराबाहेर जाणाऱ्या इंग्रॅहम ट्रेल या रस्त्यावरच्या प्रेल्यूड लेकसारख्या तळ्यांतच फिरणार असाल, जिथे धक्क्यापर्यंत गाडी जाते आणि ट्रेलर पाण्यात उतरतो, तर मी तेच घ्या म्हणेन. तिथे जास्त पैसे घालायचं कारण मला दिसत नाही.

पण यलोनाइफ बे या शहरालगतच्या खाडीतून ग्रेट स्लेव्हमध्ये बाहेर पडलं की गणित बदलतं. ईस्ट आर्ममध्ये, म्हणजे पूर्वेकडच्या फाट्यात, हे तळं 614 मीटर खोल आहे, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात खोल. उत्तरेकडचा फाटा, नॉर्थ आर्म, मात्र उथळ, बेटांनी आणि खडकांनी भरलेला. त्यात 2023 पासून पाणी फार उतरलं. 2024 च्या उन्हाळ्यात या तळ्यातून निघणाऱ्या मॅकेंझी नदीतून नॉर्मन वेल्स गावाला माल नेणाऱ्या बार्जेसही जाऊ शकल्या नाहीत. ज्या वाटेने मी वर्षानुवर्षं बिनधास्त जात होतो, तिथेच त्या जुलैत माझी बोट आपटली. खडक पाण्याखाली जेमतेम वीतभर होता. मोटरचा खालचा भाग फुटला आणि मागच्या बाजूचा सांधा उसवला. आम्ही तिघांनी बोट कशीबशी एका बेटाच्या काठाला ओढली, स्प्रूसच्या झाडाला बांधली आणि ओळखीच्या एकाच्या बोटीतून घरी आलो.

खरा मनस्ताप त्यानंतर सुरू झाला. क्लेमच्या ऑनलाइन फॉर्मवर रस्त्याचं नाव आणि पोस्टल कोड भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. फोनवर मी अक्षांश-रेखांश वाचून दाखवले, तर पलीकडच्या बाईंनी अगदी अदबीने जवळचा चौक विचारला. त्यांच्या यादीतला बोट ओढून आणणारा माणूस दक्षिणेकडच्या अल्बर्टा प्रांतात होता. परवानगीविना बोट हलवू नका, असंही सांगितलं. यात नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत दक्षिणेचा वारा सुटला, लाटांनी बोट खडकावर घासली आणि तळाला हात जाईल एवढं भोक पडलं. हे वाढीव नुकसान निष्काळजीपणात मोडतं, असं मला नंतर पत्राने कळवलं. ते पत्र मी अजून जपून ठेवलं आहे.

शेवटी इथल्याच एकाने मोठी बोट आणि पंप नेऊन ती आणली. त्याचे 3,800 डॉलर झाले. पॉलिसीत ओढून आणण्याची मर्यादा होती 500. मोटरच्या पैशांतून घसारा, म्हणजे जुनी झाल्याची घट, कापला गेला तो वेगळाच. वर, क्लेम घराच्या पॉलिसीवर नोंदला गेल्यामुळे घराच्या विम्यावरची सवलतही गेली. 2023 च्या ऑगस्टमध्ये वणव्यामुळे अख्खं शहर रिकामं करावं लागलं होतं. तेव्हापासून घराचा विमा आम्ही सगळेच जपतो, म्हणून हे जास्त लागलं.

बोट तिथेच सोडून देणं हा पर्यायच नव्हता. बोट बेवारस टाकायला 2019 पासून केंद्रीय कायद्याने मनाई आहे आणि ती काढायचा खर्च मालकावरच येतो. तटरक्षक दल येतं ते माणसं वाचवायला.

स्वतंत्र पॉलिसी मला दुपटीहून महाग पडते. कागदपत्रंही जास्त: मोटरचा नंबर, फोटो, बोट चालवण्याचा अनुभव, हिवाळ्यात बोट कुठे ठेवता ते. पण ब्रोकरने पहिल्यांदा नकाशा उघडून विचारलं, तुम्ही नक्की कुठे कुठे जाता? बोट काढून आणायचा खर्च या पॉलिसीत बोटीच्या रकमेपेक्षा वेगळा मिळतो, किंमत आधीच ठरलेली असल्याने घसाऱ्याचा वाद नाही, आणि नुकसान वाढू नये म्हणून लगेच केलेला वाजवी खर्च आधी न विचारता करता येतो. हे शेवटचं कलम माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं.

या पॉलिसीवर मोठा क्लेम करायची वेळ अजून आलेली नाही, त्यामुळे माझं मत तेवढ्यापुरतं कच्चं समजा. गेल्या सप्टेंबरात मोटर बंद पडली तेव्हा मात्र मी इथल्याच माणसाला बोलावलं, बिल पाठवलं आणि पैसे आले. बर्फाने झालेलं नुकसान आणि नदीतल्या वाळू-गोट्यांनी प्रॉपेलरची होणारी झीज माझ्या दोन्ही पॉलिसींत बसत नव्हती.

मित्राला ईस्ट आर्ममध्ये ट्राउट मासे मारायला जायचं आहे, म्हणून त्याला मी वेगळीच घे म्हटलं. सही करण्याआधी ब्रोकरला ईमेलवर एवढंच विचार: रस्ता नसलेल्या बेटावर बोट अडकली, तर ती आणायला कोण जाणार, आणि त्याला किती डॉलरपर्यंत देणार? उत्तर लेखी घे.