वाचकांना ईमेलने पत्र पाठवण्याचे अकरा महिने : वापरानंतरचा अनुभव

अकरा महिन्यांपूर्वी मी न्यूजलेटर पाठवायची एक सेवा घेतली, तेव्हा हेतू एकच होता. माझा कथासंग्रह आलाय हे लोकांना कळावं. सोशल मीडियावर मुखपृष्ठ टाकलं होतं, अभिनंदनाचा पाऊस पडला होता, आणि त्यातल्या फार थोड्यांनी पुस्तक उघडलं होतं. मेसेजिंग ॲपवर ब्रॉडकास्ट यादी करून पाहिली, पण ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला असतो त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणजे जे आधीच ओळखतात त्यांनाच पुन्हा सांगायचं. अनोळखी वाचकापर्यंत जायचं तर काय, हा प्रश्न तसाच राहिला.

आतापर्यंत २४ पत्रं गेली. सुरुवातीला यादीत ४३ जण होते, आज ३१२ आहेत. आकडा छोटा आहे हे मला माहीत आहे. पण जिच्याकडे मी पुस्तक खपवायचं साधन म्हणून आले, तीच गोष्ट मला लिहायला शिकवणारी निघाली. म्हणून हे सविस्तर लिहितेय. सेवा कोणती, हा मुद्दा दुय्यम आहे. अशा बहुतेक सेवांमध्ये कामापुरती साधनं सारखीच असतात. एक गोष्ट मात्र घेण्याआधी तपासा: यादी सीएसव्ही फाइल (कुठेही उघडता येणारा साधा तक्ता) म्हणून उतरवून घेता येते का? ती येत असेल तर वाचक तुमचे. उद्या सेवा बदलली तरी ते तुमच्याबरोबर येतात.

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात केली. ईमेलच्या पत्त्यांच्या वहीत होते नव्हते तेवढे सगळे पत्ते यादीत घातले, कुणालाही न विचारता. पत्र गेलं आणि दोघांनी ते स्पॅम म्हणून कळवलं. एका जुन्या सहकाऱ्याने लिहिलं, "तुझ्या पुस्तकाचा आनंद आहे, पण मला विचारायला हवं होतंस." त्याचं बरोबर होतं. मी ती यादी पूर्ण पुसली, सगळ्यांची माफी मागितली आणि नव्याने सुरुवात केली: नाव नोंदवल्यावर एक ईमेल जातो, त्यातल्या दुव्यावर स्वतः टिचकी मारली तरच माणूस यादीत येतो. ते ४३ जण असे आले. ही नुसती सभ्यता नाही, त्यात गणितही आहे. मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४पासून नियम कडक केले, आणि स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा असं गूगलचं सांगणं आहे. माझ्यासारख्या ३१२ जणांच्या यादीत एकाने स्पॅमचं बटण दाबलं तरी ढोबळ हिशेबाने ही रेष ओलांडली जाते. त्यामुळे 'यादीतून नाव काढा' हा दुवा मी पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लपवत नाही, ठळक ठेवते. जाणाऱ्याला सहज जाऊ द्यावं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

चौथ्या पत्रात मी नव्या कथेतला एक प्रसंग दिला होता. वडील मुलाला सोडायला येतात, गाडी निघून जाते, ते तिथेच उभे राहतात. त्यात हे वाक्य होतं: "त्यांच्या मनात भावनांचा कल्लोळ उठला आणि डोळ्यांत अश्रूंनी गर्दी केली." मला ते आवडायचं. दुसऱ्या दिवशी एका वाचक बाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं: "ते रडतायत हे कळलं. पण मला ते दिसले नाहीत."

त्या उत्तराने मी दोन दिवस अस्वस्थ होते. मग वाक्य उघडून बसले. कल्लोळ कुठे असतो? तो दाखवता येतो का? गर्दी केली म्हणजे नक्की काय झालं? या दोन्ही शब्दप्रयोगांनी माझं काम परस्पर उरकलं होतं, मी तिथे त्या माणसाकडे बघितलंच नव्हतं. सात-आठ वेळा लिहून शेवटी हे राहिलं: "त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत न घालताच खिशात ठेवला." पाचव्या पत्रात मी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवली आणि बदल का केला ते लिहिलं. त्या एका पत्राला आलेली उत्तरं आधीच्या चारही पत्रांच्या मिळून उत्तरांपेक्षा जास्त होती.

तेव्हापासून मी एक वही ठेवलीय. उत्तर लिहिताना वाचक जे वाक्य परत उद्धृत करतात, ते तारखेसह त्यात उतरवते. अकरा महिन्यांत त्यात ५८ वाक्यं जमलीत. ती सलग वाचली तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. मला ज्यांचा अभिमान होता त्या उपमांनी नटलेल्या वाक्यांपैकी त्यात जेमतेम तीन आहेत. बाकी सगळी छोटी आहेत, प्रत्येकात कुणीतरी काहीतरी करतंय, आणि बहुतेकांत हातात धरता येईल अशी एखादी वस्तू आहे. चष्मा, किल्ली, न उघडलेलं पाकीट. लेखनाच्या पुस्तकांत 'सांगू नका, दाखवा' हे मी कितीदा तरी वाचलं होतं. पटलंही होतं. पण स्वतःच्या अठ्ठावन्न वाक्यांत ते दिसलं तेव्हा हाताला वळण लागलं.

दुसरी सवय पाठवण्याच्या बटणाने लावली. सोशल मीडियावरची पोस्ट नंतर दुरुस्त करता येते, गेलेलं पत्र परत घेता येत नाही. या धास्तीने मी प्रत्येक पत्र पाठवण्याआधी दोनदा ऐकू लागले. आधी फोनमधल्या वाचून दाखवणाऱ्या सोयीकडून, मग स्वतः मोठ्याने वाचून. यंत्राचा फायदा असा, की ते जे लिहिलंय तेवढंच वाचतं. आपण वाचताना गाळलेला शब्द मनाने भरून घेतो, दोनदा आलेला शब्द मनाने खोडतो. यंत्र तसं करत नाही. चार पानांच्या एका कथेत 'जणू' अकरा वेळा आलाय, हे मला वाचून कधीच कळलं नव्हतं, ऐकून कळलं. पण मराठीत यंत्रावर पूर्ण विसंबू नका. दंततालव्य ('चूल'सारखा) आणि तालव्य ('चित्र'सारखा) 'च-ज' यांत ते गोंधळतं. 'जरा थांब' मधला 'जरा' माझ्या फोनला म्हातारपणाच्या अर्थाचा 'जरा' वाटतो. कंस, अवतरणचिन्हं, संवादातला सूर यांची त्याला पत्रास नाही. म्हणून दुसरं वाचन स्वतःच्या तोंडाने. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तुटायला हवं, हे मी आता नियम म्हणून पाळते.

संवादांचं तर यात सोनं झालं. आधी माझी पात्रं "तू काय केलेस? मला सांगितले का नाहीस?" असं बोलायची. कागदावर ते शुद्ध आणि रुबाबदार दिसतं. मोठ्याने म्हटलं की घरातली दोन माणसं एकमेकांशी नाटकाची तालीम करतायत असं वाटतं. "काय केलंस? सांगितलं का नाहीस?" लिहिलं की माणसं घरात येतात. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही बोलण्यातला उच्चार दाखवण्यासाठी असा अनुस्वार द्यायची मुभा आहे, तेव्हा अशुद्धतेची भीती बाळगायचं कारण नाही. निवेदन एका भाषेत आणि संवाद दुसऱ्या, हा भेद आता मी कटाक्षाने सांभाळते.

तांत्रिक बाजूबद्दल थोडं, कारण मराठीत लिहिणाऱ्याला काही अडचणी जास्तीच्या येतात आणि त्या सहसा कुणी सांगत नाही.

सहाव्या पत्रात मी साडेचार हजार शब्दांची अख्खी कथा घातली. काही वाचकांनी विचारलं, शेवट कुठाय? शोध घेतल्यावर कळलं, की जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मजकूर दुमडून ठेवतं आणि 'संपूर्ण संदेश पाहा' असा दुवा देतं. इंग्रजी अक्षराला यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे तेवढ्याच लांबीचं मराठी पत्र इंग्रजीपेक्षा जवळजवळ तिप्पट जड होतं. त्यात मी कथा वर्ड प्रोसेसरमधून जशीच्या तशी चिकटवली होती, त्यामुळे फॉन्ट, रंग, ओळींमधलं अंतर असं न दिसणारं सामानही बरोबर आलं. कथेचा शेवट, पुस्तकाचा दुवा आणि नाव काढायचा दुवा, तिन्ही दुमडलेल्या भागात गेले. आता मी मजकूर साधा करून चिकटवते आणि पत्र दीड हजार शब्दांच्या आत ठेवते. या मर्यादेने कथांचाही फायदा झाला, पण ते आपोआप.

जुन्या कथा युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे तोच फॉन्ट असेल तरच वाचता येणाऱ्या, जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतील तर युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि मग ओळीन् ओळ तपासा. माझ्याकडे 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'कोणत्या' या शब्दांतली जोडाक्षरं ठिकठिकाणी फुटली होती. वाचकाला तो लेखकाचा निष्काळजीपणा वाटतो, रूपांतराचा दोष वाटत नाही.

'किती जणांनी उघडलं' हा आकडा सेवा मोठ्या दिमाखात दाखवते. पहिले तीन महिने मी तो रोज बघायचे. मग कळलं, की ॲपलने २०२१ मध्ये त्यांच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आणली. ती चालू असेल तर पत्रातली चित्रं, मोजणीसाठी ठेवलेल्या अदृश्य ठिपक्यासकट, आधीच उतरवून घेतली जातात. त्यामुळे न वाचलेलं पत्रही उघडलं म्हणून मोजलं जातं. मी तो आकडा बघणं सोडलं. उत्तरं किती आली आणि दुव्यावर किती जण गेले, एवढंच बघते.

प्रसिद्धीचं काय झालं? "पुस्तक उपलब्ध आहे, अवश्य घ्या" असं एक पूर्ण पत्र मी पाठवलं होतं. त्यातल्या दुव्यावर सात जण गेले. नंतर एका पत्रात संग्रहातून वगळलेलं एक पान दिलं, ते का वगळलं हे सांगितलं आणि तळाशी एका ओळीत दुवा ठेवला. त्यावर ६१ जण गेले. मला यातून जे उमगलं ते असं, की पुस्तक घ्या म्हटल्याने वाचक पुस्तकाकडे वळत नाही, तुमचं एक पान वाचून वळतो. ते पान त्याला द्यायला हवं, आणि चांगलं द्यायला हवं. उरलंसुरलं नाही. अभिप्रायांसाठी मी वर्षातून एकदाच विनंती करते, आणि "जे वाटलं तेच लिहा" एवढंच म्हणते. काही लेखकमित्रांनी एकमेकांना पाच तारे देऊया असं सुचवलं होतं, ते नाकारलं. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी घरच्यांनी लिहिलेला किंवा मोबदल्यातला अभिप्राय नियमात बसत नाहीच, आणि तशा अभिप्रायांनी मला माझ्या कथेबद्दल काहीही कळलं नसतं.

आता तोटे. ते आहेत, आणि गंभीर आहेत.

पहिले दोन महिने मी दर आठवड्याला पत्र पाठवत होते. त्या काळात एकही कथा पुढे सरकली नाही. पत्राला लगेच उत्तर येतं, कथेला महिनोन्महिने येत नाही, त्यामुळे मन पत्राकडेच ओढ घेतं. दर दोन आठवड्यांनी पत्र, आणि त्या दिवसाचं कथेचं पान लिहून झाल्याशिवाय पत्राला हात लावायचा नाही, असं ठरवल्यावर घडी बसली.

दुसरा तोटा जास्त खोल आहे. वाचकांना काय आवडतं हे कळायला लागलं की हात तसाच वळायला लागतो. एका कथेत मी तीन पानांत चार वस्तू पेरल्या, चष्म्यासारख्या. लिहिताना थांबले, कारण त्या कथेला त्यांची गरज नव्हती. ती कथा एका घुम्या मुलीची आहे, तिचं जग धूसरच असायला हवं. त्या दिवसापासून अपुऱ्या कथेतला मजकूर पत्रात द्यायचा नाही, असं मी ठरवलंय. मसुदा पूर्ण होईपर्यंत तो फक्त माझा. कथा पूर्ण झाल्यावर वाचकांनी ती फोडून काढली तरी चालेल, मला ते हवंच आहे.

ज्यांचं पुस्तक अजून आलेलं नाही त्यांनी हे करावं का, असं मला दोघी-तिघींनी विचारलं. करावं, आणि आधीच करावं. पुस्तक आल्यावर वाचक शोधायला निघणं फार उशिराचं असतं. सुरुवातीला दहा माणसं पुरतात, फक्त ती विचारून घेतलेली असावीत आणि उत्तर लिहिणारी असावीत. मोफत योजनेत एवढं सहज भागतं. मी अजून पैसे भरलेले नाहीत.

चष्म्याचं वाक्य ज्यांच्यामुळे आलं, त्या बाई अजून यादीत आहेत. दर पत्राला उत्तर देत नाहीत, पण देतात तेव्हा मी ते छापून वहीत चिकटवते. पंचविसावं पत्र येत्या रविवारी जायचंय. मसुदा झालाय, यंत्राकडून ऐकूनही झालाय. दुसऱ्या परिच्छेदात एका वाक्यापाशी माझा श्वास दोनदा अडकला, ते आज रात्री तोडायचं आहे.