गच्चीवरचा रेडिओ आणि रास्पबेरी पाय 4 : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोथरूडमधल्या आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, जानेवारीपासून एक पत्र्याची पेटी आहे. आत 4 जीबीचा रास्पबेरी पाय 4 (तळहाताएवढा संगणक) आणि आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर). बाहेर 53 सेंटिमीटरच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या 120 अंशांत लावून केलेला अँटेना. पावसाळ्याआधी मेटिऑर-एम या रशियन हवामान उपग्रहांची चित्रं नीट मिळायला हवीत, एवढाच हेतू.

चित्रं येत होती, पण मध्येमध्ये काळे पट्टे. सिग्नल उत्तम, तरी नमुने, म्हणजे डोंगलने सेकंदाला लाखो वेळा घेतलेली सिग्नलची मोजमापं, गळत होते. तापकीर गल्लीतून दोनदा नवी यूएसबी केबल आणली, डोंगलही बदलला. महिना गेला, फरक शून्य. एचटॉपमध्ये (प्रोसेसरवरचा भार दाखवणारा प्रोग्रॅम) प्रोसेसरचा एकूण वापर 40 टक्क्यांच्या आसपास दिसायचा, म्हणून पायवर संशयच आला नाही.

मग नुसता आरटीएल-टेस्ट हा डोंगल तपासणारा प्रोग्रॅम सेकंदाला 24 लाख नमुन्यांवर अर्धा तास चालवला. एकही बाइट गळला नाही. म्हणजे यूएसबी निर्दोष, अडचण पुढे जीएनयू रेडिओत, म्हणजे सिग्नलवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. त्यात कामाचा प्रत्येक टप्पा म्हणजे एक ब्लॉक, आणि प्रत्येक ब्लॉकला स्वतःचा थ्रेड असतो, जो एका वेळी एकाच कोरवर चालतो. एचटॉपमध्ये थ्रेड वेगळे करून पाहिले, तर लो-पास फिल्टरचा (हव्या पट्ट्याबाहेरचा सिग्नल गाळणारा ब्लॉक) एकटा थ्रेड 100 टक्क्यांना टेकलेला आणि बाकी तीन कोर बरेचसे रिकामे. एकूण आकडा किती फसवतो, हे तेव्हा समजलं.

फिल्टरचा उतार, म्हणजे हवा तो आणि नको तो सिग्नल यांच्यामधला पट्टा, मी 10 किलोहर्ट्झ ठेवला होता. त्याला सुमारे 580 टॅप (प्रत्येक नमुन्यामागचे गुणाकार) लागतात. हे गणित सगळ्या 24 लाख नमुन्यांवर होत होतं, म्हणजे सेकंदाला जवळपास 139 कोटी गुणाकार-बेरजा. आणि पुढच्याच ब्लॉकमध्ये मी दर 16 नमुन्यांतले 15 टाकून देत होतो! हे नमुने कमी करणं, म्हणजे डेसिमेशन, फिल्टरमध्येच 16 केलं, की ठेवायच्या नमुन्यांपुरतंच गणित होतं : 9 कोटींच्या आत. त्याच संध्याकाळी अख्खं चित्र उतरलं. जीएनयू रेडिओचं गणित आपल्या प्रोसेसरवर वेगात कसं होईल ते शोधणारं व्होल्क-प्रोफाइलही चालवून पाहिलं. थोडा फायदा झाला, पण या बदलापुढे किरकोळ.

रेकॉर्डिंगची अडचण वेगळी निघाली. डोंगल एका नमुन्याला 2 बाइट देतो, जीएनयू रेडिओ त्याचे 8 करतो. सेकंदाला 4.8 एमबीचे 19.2 एमबी झाले आणि माझं साधं एसडी कार्ड मागे पडलं. डेसिमेशननंतरचं साठवलं तर 1.2 एमबीत भागतं.

एप्रिलमध्ये उपग्रहाच्या दुपारच्या फेऱ्या पुन्हा बिघडल्या. 80 अंशांना पाय स्वतःचा वेग कमी करतो, आणि उन्हात पत्र्याची पेटी म्हणजे भट्टीच. हीटसिंक, छोटा पंखा, पेटीवर सावली आणि मोबाइल चार्जरऐवजी 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर, एवढं केल्यावर थांबलं. व्हीसीजेनसीएमडी या पायच्या आज्ञेतली थ्रॉटलिंगची (वेग कमी झाल्याची) नोंद आता दर फेरीनंतर बघतो. सिग्नल रंगांत दाखवणारी वॉटरफॉलची खिडकीही बंदच ठेवतो. सुंदर दिसते, पण प्रोसेसर खाते.

जूनमध्ये सॅम्पल रेटच (सेकंदाला घ्यायचे नमुने) 12 लाखांवर आणला. उपग्रह सेकंदाला 72,000 सिम्बॉल (माहितीचे ठोके) पाठवतो, त्याला तेवढे भरपूर झाले. डेसिमेशन आता 8 आहे. पश्चिमेला खाली उतरलेला उपग्रह शेजारच्या इमारतीआड गेला की काळे पट्टे अजूनही येतात. त्यासाठी अँटेना टाकीच्या वर चढवायचा आहे, पाऊस उघडल्यावर.